समजुतीची चोरी

"गैरसमज नको," असं म्हणून आमचे शेजारचे काका उजवा तळवा वर करायचे. तळवा वर गेला की समोरच्याच्या मनातली एखादी गोड समजूत आता जाणार, हे आमच्या कोपरीच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

माझा मेव्हणा गावाहून आला तेव्हा स्टेशनबाहेर त्याला काका दिसले. "माझ्यासाठी एवढं चालत आलात!" तो भारावला. तळवा वर. "गैरसमज नको. मी केळी घ्यायला आलेलो."

घरी बायको माझ्यावरच चिडली. "गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

नेमकं तेच त्यांना जमत नसे. काका बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातलेच, मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी सिनेगॉग, आणि उरलेलं आयुष्य कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेलेलं. पांढरा सदरा, खिशाला पेन.

डोंबिवलीत एका चष्म्याच्या दुकानात मीच त्यांना नेलं होतं. शिक्षकांना सूट, अशी पाटी होती. काकांकडे बघून दुकानदार म्हणाला, "या सर," आणि बिलात सूट धरूनही टाकली. काका खोटं बोलले नव्हते. मी हळूच त्यांचा हात दाबला. पण तो हात वर गेलाच.

"गैरसमज नको. मी शिक्षक नाही. सूट तरीही मिळेल का?"

दुकानदार हसत सुटला. "घ्या हो काका, तुम्हाला म्हणून."

काकांनी खुशीत चष्मा घेतला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शेवटी घेतलीतच की!"

"मग? आता त्याने दिली. मघाशी तो देत नव्हता, मी घेत होतो. आमच्यात त्याला चोरीच म्हणतात रे. माणसाच्या समजुतीची चोरी."

पुढे त्यांचा गुडघा धरला. जवळच एका धर्मादाय दवाखान्यात पेन्शन नसलेल्यांना सवलतीत उपचार मिळत. काकांना पेन्शन होती. "तिथेही विचारून बघा ना," मी म्हटलं.

"तिथे विचारायचंही नाही. चष्मेवाल्याचं त्याच्या खिशातून गेलं. इथे मी बसलो की कुणीतरी उठणार." आणि लंगडत दूरच्या दवाखान्यात गेले.

त्यांना काळजी एकच होती. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दिश म्हणतात, पण ती प्रार्थना म्हणायला त्यांच्यातले दहा पुरुष हजर लागतात. गोतावळा बराचसा इस्राएलला गेलेला. काकूंच्या स्मृतिदिनी काका सकाळपासून फोन घेऊन बसत. "हिच्यासाठी मी जमवतो. माझ्या वेळी कोण जमवणार?"

"कमी पडला एखादा, तर मी टोपी घालून उभा राहीन. कुणाला कळणार आहे?"

"कळणार नाही रे, हुबेहूब दिसशील," ते हसले. "तीच तर भीती आहे."

काका गेले ते कामाच्या वारी. पुण्याहून पुतण्या आला. कब्रस्तानात कुणीतरी माझ्या हातात टोपी दिली, ती मी डोक्यावर ठेवली. एक म्हातारे गृहस्थ नजरेने मोजत माझ्यापर्यंत आले आणि पुतण्याला म्हणाले, "झाले दहा. कर सुरू."

त्याने पुस्तक उघडलं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. काकांची एकुलती एक काळजी तेवढ्यात मिटणार होती.

"मी तुमच्यातला नाही," मी म्हटलं. "शेजारी आहे त्यांचा."

मग फोनाफोनी झाली. एक जण शहाडहून निघतो म्हणाला, पण त्याला फार उशीर झाला असता. पुतण्याने पुस्तक मिटलं. नऊ जणांत जे म्हणता येतं तेवढं म्हटलं गेलं. कद्दिश झाली नाही. संध्याकाळी सिनेगॉगमध्ये म्हणू, असं कुणीतरी म्हणालं, पण काका तर इथे होते.

मी त्यांचं ऐकलं, की ऐन वेळी त्यांना दगा दिला? मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही काय केलं असतंत?

टोपी काढून मी फाटकाकडे सरकलो. ते म्हातारे गृहस्थ मागोमाग आले.

"चाललात कुठे?"

"माझं इथे..."

"मोजणीत नाही तुम्ही. शेजारी आहात ना? मग माती द्या."

मी वाकून मूठ भरली. माती ओली होती. मूठ उघडली तरी ती लवकर सुटेना.