एका नंबरावर दोन कार्डं

मालवाहतुकीच्या त्या कचेरीतला टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तरी बाईंचं नाव टायपिस्टबाईच राहिलं. पुढे तो कॉम्प्युटरही म्हातारा झाला. सुरू होताना असा घरघरायचा की बाहेर गाडीत खोकी चढवणारे हमाल ओरडायचे, "उठले आजोबा!"

या आजोबांच्या पोटात मॉडेमचं कार्ड होतं. दुपारी बाई त्याला फोनची तार जोडायच्या, मग ते किंचाळायचं, शिट्ट्या मारायचं आणि चढलेल्या मालाची यादी मुख्य डेपोला पोचायची. यादी पोचल्याशिवाय एक गाडी हलायची नाही. त्यामुळे दुपारपुरती का होईना, अख्खी कचेरी बाईंच्या तोंडाकडे बघायची. घरी बघणारा एकटा नवरा, तोही तोंड वाकडं करून. एके काळचा टेलिफोनचा लाइनमन; खांबावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. घर चालत होतं ते बाईंच्या कचेरीतल्या डुगडुगत्या खुर्चीवर.

मग मालकांच्या सुनेने काउंटरवर नवा कॉम्प्युटर मांडला. तिथल्या पावत्या थेट आत याव्यात म्हणून आजोबांच्या पोटात एक नेटवर्क कार्ड बसवून घेतलं, आणि त्या घडीपासून मॉडेम मुकं झालं. बसवणारा म्हणाला, "मशीनच जुनं, मी काय करू?" आणि चालता झाला. नवं कार्ड काढलं की मॉडेम बोलायचं, घातलं की गप्प. बाईंनी आपला तोडगा काढला. दुपारी आजोबांना बंद करायचं, झाकण उघडून नेटवर्क कार्ड उपटायचं, यादी पाठवायची, की पुन्हा कार्ड आत.

"एकीला नांदवायचं तर दुसरीला माहेरी धाडावं लागतं," बाई म्हणायच्या.

"या वयात सवती कशाला हव्या होत्या आजोबांना!" हमाल खिदळायचे.

सुनेला काही हसू येत नसे. बाई उपटाउपटी करत तोवर तिचं काउंटर ठप्प. एकदा भर गिऱ्हाइकांत ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बाईंना हे जमत नाही हो. उगाच त्यांना कशाला छळायचं?"

मालक "बघू" म्हणाले. बाईंचे कान तापले.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्याने कूस न बदलता विचारलं, "त्या दोन कार्डांचा नंबर बघितलास?"

"कसला नंबर?"

"आमच्याकडे दोन घरं चुकून तारांच्या एकाच जोडीवर पडली की दोन्ही फोन मरायचे. एकाला उचलून मोकळ्या जोडीवर टाकलं की संपलं. इथेही तसलंच काही असणार. पण तू नको करूस."

"का?"

"उपटतेयस तोवर तुझं काम आहे. सगळं सुरळीत झालं की तुला कोण बसवून ठेवेल?"

"म्हणजे जमत नाही म्हणवून घेऊ?"

"घे की. मी नाही घेत रोज?"

बाई रात्रभर धुमसल्या आणि सकाळी काटा काढायचा चिमटा पर्समध्ये टाकून कचेरीत गेल्या. सेटिंग उघडलं तर मॉडेमच्या नावापुढे पिवळं चिन्ह. यंत्राला हाक मारायला प्रत्येक कार्डाला आपला नंबर लागतो, आणि या दोघींनी एकच, तीन नंबर धरून ठेवला होता! मॉडेमच्या कार्डावर पिनांच्या जोड्यांची रांग होती, प्रत्येक जोडीला एक नंबर, आणि तीनच्या जोडीवर तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी. आजोबांना बंद करून बाईंनी ती चिमट्याने उचलून चारवर बसवली. पुन्हा सुरू केलं तर माउस मेला, चार नंबर त्याचा होता.

"आता माउसही मारलात?" सून काउंटरवरून म्हणाली.

बाईंनी पुन्हा सेटिंग बघितलं. पाच नंबर रिकामा दिसत होता. टोपी पाचवर गेली, सेटिंगमध्येही पाच भरला. मॉडेम किंचाळलं, आणि ते किंचाळत असतानाच काउंटरची पावती पडद्यावर उमटली. हमालांनी टाळ्या पिटल्या. मालकांनी चहा मागवला. सून मात्र आजोबांकडे टक लावून बघत राहिली.

तिने यादी ठरल्या वेळी आपोआप जाईल अशी सोय करून घेतली. पावत्या तर काउंटरवरूनच येत. बाईंना टाइप करायला काही उरलं नाही. त्या नुसती धूळ पुसत बसायच्या. महिनाअखेर मालक म्हणाले, "बाई, तुम्ही नीट करून ठेवलंत ते फार बरं झालं. आता सूनबाई बघेल. जाताना चालू-बंद तेवढं दाखवून जा."

बाईंनी दाखवलं. चिमटा पर्समध्येच होता. टोपी एक घर मागे सरकवायला कितीसा वेळ लागतो? पण मग नवं मशीन आलं असतं. बाईंना कोणी बोलावलं नसतं. त्या उठल्या.

पुढे एका दुपारी घरचा फोन वाजला. सून होती. "बाई, मॉडेम परत गप्प झालंय हो. गाणी ऐकायला आवाजाचं कार्ड घातलं, तेवढंच."

आवाजाच्या कार्डाने पाच नंबर बळकावला, बाईंना तिथल्या तिथे कळलं.

"जाता जाता येऊन जाल का?"

"जाता जाता? मी आता जाते कुठे?" बाई म्हणाल्या. "आणि मला कुठे जमतं ते?" त्यांनी फोन ठेवला.

अंथरुणावरून नवरा खदखदून हसला. "शाब्बास!"

"तुम्ही गप्प बसा."

बाई फोनशेजारीच कांदे सोलत बसल्या. आता मालक स्वतः फोन करतील, म्हणतील, या बाई, बसा तुमच्या जागेवर. कांदे संपले. फोन वाजला नाही.

आठवड्याने रस्त्यात एक हमाल भेटला. "बाई, आजोबा गेले. भंगारवाल्याने उचलून नेले."

"आणि कार्डं?"

"कसली? काय होतं ते पोटातच असेल की. उघडून बघायला होतं कोण?"