रेखाच्या डब्याबद्दल

रेखाच्या आईशी मी वर्षभर खोटं बोलत होते. आज दुपारी खरं सांगून आले.

रेखा माझी हॉस्टेलची रूममेट. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी डेंग्यूनं गेली. चार दिवसांचा ताप, बास.

तुमच्यापैकी बरेच जण मला कॅम्पसवरच्या कार्यक्रमांमुळे ओळखतात. नवीन मुलं आली की 'सर्वसमावेशक कॅम्पस', 'इथं कुणीच परकं नाही' वगैरे मीच बोलते. इथं शिकवते आणि त्या समितीची अध्यक्षही आहे. पीपीटीसुद्धा छान आहे.

त्या पीपीटीत नसलेली गोष्ट सांगते.

एमएससीला साताऱ्यात होतो. एका खोलीत तिघी. मी सांगलीकडची, जैन. सुप्रिया पाचगणीची. रेखा उंब्रजजवळच्या एका खेड्यातली.

पहिल्या दिवशी सुप्रियानं तिला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठं.

तिसऱ्या उत्तराला आम्हाला हवं ते कळलं होतं. मी कपाटात कपडे लावत बसले.

रविवारी संध्याकाळी घरून परत आलो की डबे मध्ये ठेवून एकत्र जेवायचो. मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, म्हणून माझ्यासाठी उजेड असतानाच बसायचं ठरलं. कुणी कधी कटकट केली नाही. रेखा तर एसटीतून उतरून पळत यायची, मला उशीर नको म्हणून.

माझी केवढी सोय बघितली जायची!

पहिल्या रविवारी रेखाच्या डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती.

"घे की गं."

"अगं, आम्ही कांदा-लसूण खात नाही."

हे बोलले तेव्हा माझ्या ताटात सुप्रियाच्या घरची लसणाची चटणी होती. चांगली दोन चमचे. सूर्यास्ताचा नियम मी पाळायचे, लसणाचा नाही.

रेखानं चटणीकडे बघितलं. सुप्रिया "पोट भरलं" म्हणत हात धुवायला उठली.

पुढच्या रविवारी रेखानं हौसेनं झाकण उघडलं. दोडक्याची भाजी, नुसतं शेंगदाण्याचं कूट घातलेली.

"आईनं तुझ्यासाठी नवी कढई घेतलीया. लसणाचा वास बी न्हाई लागला तिला. आता तरी खाशील न्हवं?"

मी म्हणाले, "आज पोट बरं नाही गं."

मग एका रविवारी उपास. एका रविवारी डोकं दुखत होतं. मग तिनं आग्रह करणं सोडलं आणि बिस्किटांचे पुडे आणायला लागली. बंद पुडे. स्वतः फोडायचीसुद्धा नाही. माझ्या हातात देऊन म्हणायची, "तूच फोड."

मी फोडायचे. सगळ्या मिळून खायचो.

कंपनीचं चालायचं आम्हाला. तिच्या आईच्या हातचं चालायचं नाही. एवढं साधं गणित तिनं सोडवलं होतं.

आजही स्टाफरूममध्ये कुणी पुडा फोडला की मी उठून बाहेर जाते.

घरचा डबा मात्र दर रविवारी यायचाच, काठोकाठ. सोमवारी, मंगळवारी ती मेसमागच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून एकटीच खायची. मी खिडकीतून बघायचे. सुप्रियाला एकदा म्हणाले होते, "हिला आपलं आपणच खायला आवडतं वाटतं."

हे मी म्हणाले होते. दुसरं कुणी नाही.

(सुप्रिया, तुला टॅग केलेलं नाही. तुझं तू बघ.)

त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. विषय होता 'भेदभावमुक्त कॅम्पस'. सराव रेखासमोर केला होता, ती घड्याळ लावून बसायची.

"चांगलं झालंय. जरा सावकाश बोल," एवढंच म्हणाली. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो टोमणा नव्हता.

पुढं ती शाळेत शिक्षिका झाली. दर दिवाळीला आधी तिचाच फोन यायचा. मला कधी सुचलं नाही.

ती गेल्याचं कळल्यावर तिच्या घरी गेले. काकूंनी माझे दोन्ही हात धरले.

"सांगलीची अपर्णा तूच न्हवं? रेखा लय सांगायची तुझं. माझ्या हातची दोडक्याची भाजी तुला लय आवडायची म्हनं. डबा कसा पुसून मोकळा आणायची बघ."

आणि मी म्हणाले, "हो काकू. खूप आवडायची."

त्या बाईच्या तोंडावर त्या दिवशी तेवढंच एक हसू आलं. मग खरं सांगायची हिंमत कुठून आणणार?

वर्षभर त्यांचे फोन येत राहिले. "कवा येतीस? भाजी करून ठेवते." मी कामं सांगायचे. सेमिनार आहे, नवीन बॅच आलीय, विद्यार्थ्यांचा आपलेपणाचा उपक्रम आहे. हो, हेसुद्धा त्यांना सांगितलं मी.

आज गेले. काकूंनी चुलीजवळच ताट मांडलं. दोडक्याची भाजी, गरम भाकरी. पहिला घास घेतला. चव खरंच चांगली होती. दुसरा घास मी ताटातच ठेवला.

"काकू, मी हॉस्टेलवर तुमचं कधीच खाल्लं नाही. एकदाही नाही. कुणीच नाही खाल्लं."

त्यांनी का ते विचारलं नाही. ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली.

"मग येवढं कोन खात व्हतं?"

"रेखाच. सोमवारी, मंगळवारी. एकटी."

त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवून ठेवली. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"माझी पोर शिळं खात व्हती व्हय गं?"

"हो काकू," मी म्हणाले.

रेखा, माफी तुझ्याकडे मागायची होती. ती राहिली.

माझी श्रद्धांजली.