बिऱ्हाडबाईंचा विस्तव

बल्लारपूरच्या आमच्या चाळीत कुणाचं बिऱ्हाड हललं की बिऱ्हाडबाई सगळ्यांच्या पुढे. हातात खापर, खापरात जुन्या चुलीतला विस्तव. मागून गाठोडी, भांडी, पोरंटोरं. नव्या जागी चूल पेटल्याशिवाय सामान आत जायचं नाही. “आधी इस्तो, मंग बिऱ्हाड,” हा त्यांचा कायदा. त्यांचं खरं नाव कुणीच घेत नसे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे कागदाच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. सगळी चाळ भाडेकरूंची. मालकाच्या मनात आलं की ‘खोली खाली करा’. कारण विचारायची सोय नव्हती. पण बाईंचा हट्ट एकच, कुणी उघड्यावर पडायचं नाही. काढलेलं कुटुंब संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी ओसरीवर. कुणी कुरकुरलं तर, “काऊन रे, ओसरी संगं घेऊन जाशीन का वर?” आणि त्या माणसांना पाहुणे म्हणायचं, दुसरं काही नाही. सिरोंच्याचं एक कुटुंब पावसाळ्यात आमच्या ओसरीवर आलं ते तिथेच राहिलं. त्यांच्या बाईने मला तेलुगूतून भांडायला शिकवलं.

पुढे नागपूरहून एक साहेब आले. भाडेकरू कामगारांसाठी सरकार घरं बांधणार, कुठे बांधायची ते पाहायला. बाईंनीच अर्जासाठी चाळभर अंगठे गोळा केले होते. साहेब येणार म्हणून आम्ही अंगण सारवलं, रांगोळ्या घातल्या, ओसरीवरची गाठोडी आत लपवली. परक्या माणसाला घरातली अडचण दाखवायची असते थोडीच! साहेबांनी विचारलं, “इथे बेघर कोण आहे?” सिरोंच्याचं कुटुंब समोरच उभं होतं.

“बेघर?” बाईंना तो शब्दच झोंबला. “माह्या चाळीत कोणी बेघर नाई साहेब. मी होऊ देईन का? हे तं पाहुणे हायेत आमचे.”

साहेब खूश झाले, चहा पिऊन गेले. घरं मंजूर झाली, पण दुसऱ्या गावी. तिथे लोक उघड्यावर होते म्हणे, आमच्याकडे गरज दिसली नाही. मला त्या साहेबाचा अजून राग येतो. बाईंचा कधी आला नाही, वाईट मात्र फार वाटतं.

वर्ष उलटलं नाही तोच मालकाला चाळीच्या जागी लाकडाची वखार काढायची लहर आली. माणसं खोल्यांत असतानाच त्याने छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवली. या वेळी सगळीच चाळ उठली होती, ओसरी द्यायला कोण उरणार? बाई दारोदार फिरल्या. “पूर आल्यावर नाव बांधते का कोणी?” एवढंच पुटपुटत होत्या. सिरोंच्याचे सिरोंच्याला परतले. आम्ही नोकरी सोडून वडशाला, दिराकडे निघालो.

बाई स्टेशनवर आल्या. हातात खापर होतंच.

“बाई, गाडीत विस्तव नेऊ देत नाहीत,” मी म्हणाले.

त्या खापराकडे बघत राहिल्या. “साहेबाले सांगाले पाह्यजे होतं बाई. सारेच बेघर हाओत म्हणून. जीभच नाई वळली माही.”

मी त्यांचे पाय धरले. गाडी हलली तेव्हा त्या खापरावर पदराने वारा घालत होत्या, विस्तव विझू नये म्हणून.

त्या स्वतः कुठे राहणार, हे आमच्यापैकी कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.