पाण्याखाली गालिचे घालणारी माणसं

किस्से हे फिल्टरमधल्या गाळासारखे असतात. रोज दिसत नाहीत. महिन्याने झाकण उघडलं की बादलीभर निघतात. ठाकूरद्वारला माझं माशांचं दुकान आहे. मासे आपले निमित्ताला. हल्ली सगळ्यांना हवं असतं ते कार्पेट. म्हणजे टाकीच्या तळाला गालिच्यासारखी पसरणारी बुटकी रोपं. चिमट्याने एकेक जुडी मातीत खोचायची, वरून चांगला दिवा, कार्बन डायऑक्साइडची बाटली आणि दोन महिने धीर. दिवा आणि बाटली मी विकतो. धीर गिऱ्हाईकाने घरून आणायचा असतो, आणि नेमका तोच सगळे विसरून येतात.

*

लालबागचे सावंत गणपतीच्या आठ दिवस आधी आले. मखराशेजारी टाकी ठेवायची होती, तळाला हिरवंगार लॉन पाहिजे. मी म्हटलं, दोन महिने लागतील. सावंत गंभीर झाले. "मग काय, बाप्पाला डेट पुढे ढकलायला सांगू?"

शेवटी त्यांनी प्लास्टिकचं गवत आणून तळाला चिकटवलं. दर्शनाला आलेल्या तिघांनी विचारलं, खत कुठलं घालता? त्यातले दोघे माझी जुनी गिऱ्हाइकं!

*

चिंचपोकळीच्या गावडेला मी बजावलं होतं, की गोल्डफिश आणि कार्पेट एका टाकीत नांदत नाहीत. गोल्डफिशला माती उकरायचा नाद. तो म्हणाला, माझे मासे तसे नाहीत. शाळेत मुलाची तक्रार ऐकताना बाप बोलतो ना, अगदी त्याच आवाजात.

रविवारी चार तास पाठ मोडून त्याने शंभर जुड्या लावल्या. सोमवारी सकाळी फोन. "शेठ, रोपं पोहतायत आणि मासे तळाला बसलेत. आता खाणं कोणाला घालू?"

*

दादरच्या कुलकर्णी बाई शिस्तीच्या. वाढलेलं कार्पेट कसं कापायचं ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. 'आधी फिल्टर बंद करा, कापलेलं जाळीने गोळा करा', एवढंच वाक्य वहीतून गाळलं; ते त्यांना माझं पाल्हाळ वाटलं असावं. दोन महिन्यांनी टाकीमागे लटकवलेला फिल्टर तुंबला म्हणून गेलो. बघतो तर त्याच्या स्पंजावर कार्पेट काय दाट लागलेलं! टाकीत मात्र टक्कल.

बाई निवांत होत्या. "म्हणजे हात चांगला आहे माझा. जागा तेवढी चुकली."

*

परळच्या कदमांचं कार्पेट मात्र फोटो काढावा असं आलं. आता कापा, असं मी दर आठवड्याला सांगायचो. आधी कदमांचा जीव होईना. मग घरातून पंचांग निघालं. सोमवारी कात्री लावायची नाही, मंगळवारी चतुर्थी, गुरुवारी उपास, शनिवार तर नकोच. बुधवारी-शुक्रवारी कामावरून यायला उशीर. रविवारी मटण आणि झोप.

एक दिवस अख्खं कार्पेट गादीसारखं उचकटून वर आलं. मी त्यांना समोर बसवून समजावलं, की वर दाट झालं की खाली उजेड पोचत नाही, खालचा थर कुजतो आणि मुळं सुटतात. कदम मान खाली घालून ऐकत होते. मला तर बोलताना फार बरं वाटत होतं.

*

आता माझं सांगतो.

माझ्या दुकानात दर्शनी भागात चार फुटी टाकी आहे. परळला जुन्या मिलच्या जागी झालेल्या एका ऑफिसला रिसेप्शनमध्ये दहा फुटी टाकी करायची होती. त्यांच्या आर्किटेक्ट मॅडम शनिवारी माझी टाकी बघून काम द्यायचं की नाही ते ठरवणार होत्या. एवढं मोठं काम मला वीस वर्षांत मिळालं नव्हतं. गुरुवारी सकाळी शटर वर केलं, तर कार्पेट तरंगत होतं. अख्खं. चार महिने मी कात्री लावली नव्हती. वेळ मिळत नाही हो, सल्ले देण्यातच दिवस जातो.

दारात फिलोमिना आंटी उभी. मागच्या वाडीत राहते, चाळीस वर्षं लग्नाचे गाऊन शिवले तिने. एक मासा कधी विकत घेतला नाही. मी कापून टाकलेली रोपं तेवढी पिशवीत घालून न्यायची. मला वाटायचं, कुंडीत टाकत असेल. तिने टाकीकडे पाहिलं. "चार महिने रिकामी पिशवी घेऊन परत जाते मी, मेन. मला कळलंच होतं."

मग मला घरी नेलं. खिडकीत केक भाजायचे सहा काचेचे ट्रे. ओल्या मातीवर माझा कचरा, वर प्लास्टिकचा कागद. असं कार्पेट मला आयुष्यात जमलेलं नाही.

शुक्रवारभर आंटी स्टुलावर बसून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, झग्याला टिकल्या लावाव्यात तशा तिच्या ट्रेमधल्या जुड्या माझ्या टाकीत खोचत होती. मी चहा आणत होतो. हवेत वाढलेली पानं पाण्यात गेली की पंधरा दिवसांत गळतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. पण मॅडम उद्या येणार होत्या. पंधरा दिवसांनी नाही. आंटीला म्हटलं, मॅडमना एवढं सांगू नकोस.

शनिवारी मॅडम अर्धा तास लवकर आल्या. आंटीची शेवटची ओळ चालू होती. मॅडम टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि हे असंच राहील ना, म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं.

"नाय राहणार," आंटी मान न वळवता म्हणाली. "पंधरा दिवसांत पानं गळतील. मग नवीन फुटतील. ती दर महिन्याला कापायची. नाय कापली तर ह्याच्यासारखं होते." आणि चिमटा माझ्या दिशेने केला.

दहा फुटी टाकीला मी मनातल्या मनात निरोप दिला.

मॅडमनी वाकून आंटीची ओळ पाहिली. मग म्हणाल्या, काम तुम्हाला देते. पण दर महिन्याला देखभालीला ह्याच यायला हव्यात.

आंटीने हात पुसले. "येईन की. पण बादल्या उचलायला मला एक माणूस लागेल."

हल्ली महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमचं दुकान अर्धा दिवस बंद असतं.