नको म्हणायला शिकलेली सुकन्या

सुकन्या मूळची पाथर्डीकडच्या एका वाडीतली. आई-वडील आणि भाऊ गहिनीनाथ दर हंगामात ऊसतोडीला जात. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. माहेरी परतली आणि सहा महिन्यांनी केडगावला कामाला आली. मुलींच्या एका खासगी वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या आणि मेसमागच्याच खोलीत राहायचं. मेसचा ठेकेदार अंगद. खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

दीड वर्ष तो त्या किल्लीने आत येत राहिला. पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. नंतर त्याने सांगितलं, "बोललीस तर तूच बोलवत होतीस असं तुझ्या वाडीत सांगीन." सुकन्याने ते खरं मानलं. वाडी कोणावर विश्वास ठेवील हे तिला माहीत होतं.

एका सकाळी कोबी चिरताना तिने विळी बाजूला सारली, हात धुतले, पिशवी भरली आणि निघाली. त्या दिवशी वेगळं असं काही घडलं नव्हतं. त्याच दिवशी का, हे तिला पुढे पोलिसांनी विचारलं, वकिलानेही विचारलं. तिला आजही सांगता येत नाही.

ती गेली छबूबाईकडे. छबूबाई तिच्या आईची मावसबहीण, बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावण्याचं काम करणारी. तिने काही न विचारता ताट वाढलं. सुकन्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून झोपायची, अंघोळ कपड्यांसकट दोन तांब्यांत उरकायची. कोणी जवळून गेलं तरी अंग चोरायची. केसांचा गुंता झाला होता. दर रविवारी छबूबाई तेलाची वाटी घेऊन बसे.

"डोक्याला तेल लावू का गं?"

"नको."

"बरं," म्हणून ती वाटी उचलून ठेवी. पुढच्या रविवारी पुन्हा विचारी. सुकन्या सांगते, "मी नको म्हटल्यावर कोनी थांबतं, हे मला मावशीमुळं कळालं."

चौथ्या महिन्यात तिने मावशीला सगळं सांगितलं. दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथून तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी खुर्ची दिली आणि काय काय तपासायचं ते एकेक करून सांगितलं. "यातलं जे नको असेल त्याला नाही म्हणा. त्यामुळे तुमची तक्रार खोटी ठरत नाही." सुकन्याने रक्त काढू दिलं, आतली तपासणी नाकारली. डॉक्टरबाईंनी तसं कागदावर लिहिलं आणि तिची सही घेतली. बाहेर आल्यावर ती मावशीला म्हणाली, "माझं नको त्यांनी लिहून घेतलं."

गहिनीनाथ चिडून आला. घरातली गोष्ट चावडीवर नेली म्हणाला. छबूबाईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "तिला वाईट वाटंल असं बोलायचं असंल, तर चहा पिऊन गावाकडं जा." तो गेला.

अंगदला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. मेसचा ठेका गेला. खटला चालू आहे.

मधल्या काळात एका रविवारी सुकन्या स्वतःच मावशीपुढे पाठ करून बसली. "नुसतं डोक्याला," म्हणाली. गुंता सोडवायला दोन तास लागले. दोन ठिकाणी कात्री चालवावी लागली. पुढच्या वर्षी ती मावशीबरोबर कामाला जाऊ लागली. आधी पाणी तापवायचं, मग बाळाला पायांवर घ्यायचं, मग बाळंतिणीची पाठ. मावशीचे गुडघे गेले तशी घरं तिच्याकडे आली.

गेल्या दिवाळीत गहिनीनाथने स्थळ आणलं. माणूस चांगला होता, त्याला सगळं ठाऊकही होतं.

"मला न्हाई करायचं," सुकन्या म्हणाली.

"का? कारन तरी सांग."

"कारन न्हाई. आता नको. पुढं वाटलं तर मीच सांगीन."

तो जेवला. जाताना तिच्यासाठी आणलेली बाजरी ठेवून गेला. महिन्याने त्याचा फोन आला, स्थळाचा विषय निघाला नाही.

परवा ती संस्कृती नावाच्या बाळंतिणीकडे गेली होती. सासूबाई म्हणत होत्या, पोट घट्ट बांध, सुटेल नाहीतर. संस्कृती दात आवळून पडली होती.

"दुखतंय का?" सुकन्याने विचारलं.

तिने सासूकडे बघितलं, मग मान डोलावली. सुकन्याने पट्टा सैल केला. "काकू, टाके ओले हायेत. ती म्हनंल तेवढंच बांधायचं."

निघताना ती म्हणाली, "उद्या सातलाच येते. अकराला कोर्टात तारीख हाय."

"कसली गं तारीख?" सासूबाईंनी विचारलं.

सुकन्याने सांगितलं. चार-पाच वाक्यांत, टॉवेल घडी करता करता. दुसऱ्या दिवशी सात वाजता सासूबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं.