पाच-चाळीसची नोंद

शशीताईंना काही टिपून ठेवायचं असलं की त्या कागद शोधत बसत नसत. डावी बाही वर सारायच्या आणि उजव्या हाताच्या नखाने मनगटाच्या वर लिहायच्या. शाई नाही, काही नाही. दोन मिनिटांत तो आकडा कातडीवर लाल होऊन उठायचा आणि अर्ध्या तासात पुसूनही जायचा. मी लॅबमध्ये लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव असं लिहून घेतलं. वैजयंती मावेना, म्हणून वैजू. माझं नाव एका परक्या बाईच्या हातावर उगवताना पाहून माझी बोबडीच वळली.

"घाबरतेस काय गं?" त्या म्हणाल्या. "हिस्टामिन आहे ते. तुझ्याही अंगात आहे. माझं जरा उतावीळ आहे, एवढंच."

आमची लॅब नारायणगुड्याच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. शशीताई तिथल्या सगळ्यांत जुन्या. घराणं मूळ परभणीकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे रागावल्या की दख्खनीत रागवायच्या. लघवीतलं हिस्टामिन मोजणं हे त्यांचं खास काम. काही लोकांच्या अंगातल्या पेशी बिथरतात आणि हे द्रव्य भसाभस सोडतात. अंग लाल होतं, खाज सुटते, छाती धडधडते, माणूस उभ्याचा आडवा होतो. रक्तात ते घटकाभरच सापडतं, लघवीत मात्र त्याची खूण राहते. म्हणून चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि मोजायची.

कॅन नेणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच मंत्र द्यायच्या. "आज की पहली फेंको, कल की पहली पकडो. बीच की एक बी छोडना नक्को." प्रत्येक वेळ कॅनवर चिकटवलेल्या तक्त्यात लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळची शेवटची नोंद नसली की कॅन परत. आदल्या दिवशीच तक्ता भरून ठेवणारे महाभाग शशीताई अक्षरावरून ओळखायच्या. एका वकिलाला तर जिन्यातूनच परत पाठवलं होतं. "बाटली खोटं बोलत नाही, वैजू. माणूस बोलतो."

आणि त्यांची एक रीत होती. यंत्राचा आकडा थोडाफार हलतो, म्हणून रोग्याच्या नमुन्याशेजारी एका धडधाकट माणसाचा नमुना लावायचा आणि रोग्याचा आकडा त्याच्याशी ताडून चढा की नॉर्मल ते ठरवायचं. आमच्याकडे ही धडधाकट बाटली कायम शशीताईंचीच. मोठ्या लॅबवाले ऐकतील तर कपाळाला हात लावतील, पण आमच्याकडे चालत आलं होतं. मी चिडवायची, "ताई, अख्ख्या हैदराबादची प्रकृती तुमच्यावरून ठरते की हो!" त्या म्हणायच्या, "हौ, मग? आमचं खानदानीच आहे!"

गेल्या वर्षी बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्यांची सून तपासणीला आली. सरिता नाव. आंघोळ करताना, जिना चढताना ती अचानक लालबुंद होऊन कोसळायची. सासरचे म्हणत, हिच्या अंगात काहीतरी शिरलंय. नवरा त्यातल्या त्यात समजूतदार, त्याने तिला आमच्यापर्यंत आणलं. रिपोर्ट नॉर्मल आला. सासूने तो हातात घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "देखा? बीमारी नै है. दूसरा कुछ है." सरिता माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला आवडली नाही.

तीन आठवड्यांनी शशीताई दोन दिवस रजेवर गेल्या. ताजी बाटली नाही, म्हणून मी फ्रीझरमधली त्यांचीच वर्षापूर्वीची एक बाटली काढून लावली. त्या दिवशीचे सगळे रोगी एकदम चढे निघाले. मी पुन्हा लावलं, आणि शेजारी ताईंची मागच्या आठवड्यातली बाटलीही लावून पाहिली. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, अक्षर एकच. नव्या बाटलीचा आकडा जुनीच्या कितीतरी वर.

ताई रजेवरून आल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाटल्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मीच बदलले."

मग बाही पार कोपराच्या वर सारून त्यांनी हात दाखवला. तांबूस ठिपकेच ठिपके. एकावर नख फिरवलं तर तो ठिपका फुगला. पाच-सहा महिन्यांपासून वाढत होते म्हणे. दोनदा घरी चक्कर आली होती, खाजेसाठी रोज गोळी चालू होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. तर ही बाई मला विचारते काय, "त्या मसालेवाल्यांच्या सुनेचा रिपोर्ट कोणत्या बाटलीशी लावला होता गं?"

नव्या बाटलीशी. आजारी माणसाशेजारी आजारी माणूस उभा केला, तर दोघंही नॉर्मलच दिसणार. मी सरिताच्या नवऱ्याला फोन केला, दुसरा नमुना द्या म्हणाले. तो हळू आवाजात म्हणाला, एकदा नॉर्मल आलाय ना, घरात कुणी ऐकत नाही. रविवारी तिला गावाकडे कुणा बाबाकडे नेणार आहेत. तो मिरच्यांची धुरी देतो, बांधून ठेवतो. नुसत्या गरम पाण्याने कोसळणारी ती मुलगी त्या धुरात वाचली नसती. एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

आम्ही साहेबांकडे गेलो. लॅब त्यांची, रिपोर्टवर सही त्यांची. ते म्हणाले, "वर्षापूर्वीची बाटली फ्रीझरमध्ये खराब झाली नसेल कशावरून? एवढे रिपोर्ट मागे घ्यायचे म्हणजे पुरावा पाहिजे. शशीकलाबाई, तुमचं चोवीस तासांचं पूर्ण कॅन आणा. आकडा चढा निघाला तर मी स्वतः बेगम बाजारात फोन करतो. अपूर्ण कॅन मात्र मी घेणार नाही, नियम तुमचाच आहे."

"हौ साहेब, माझाच आहे," ताई म्हणाल्या.

त्यांनी त्या दिवसापासून खाजेची गोळी बंद केली. मी जीव तोडून सांगितलं, ताई, गोळीने या आकड्याला काही होत नाही. "मला ठाऊक आहे. पण साहेबांना शंकेला जागा नको," म्हणाल्या. हट्ट म्हणजे हट्ट! मला आजही त्यांचा त्यासाठी राग येतो.

गुरुवारी पहाटे पाच-चाळीसला त्यांनी सुरुवात केली. मला फोन करून सांगितलं, "पहिली फेकली. उद्याची पहिली पाच-चाळीसला पकडते आणि तशीच घेऊन येते." दुपारी बोलल्या तेव्हा आवाज जड होता. संध्याकाळी दिवेलागणीला शेजारच्या लक्ष्मीअम्मांना त्या स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. चेहरा, मान, हात, सगळं लाल. डॉक्टर आले, पण उपयोग नव्हता. सातला त्यांनी ताई गेल्याचं लिहून दिलं.

मला निरोप मिळाला पहाटे. हिमायतनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत पोचले तेव्हा मोबाइलवर सहाला पाच कमी होते. परभणीहून भाऊ यायचा होता म्हणून त्यांना चटईवर झोपवून ठेवलं होतं. उशाशी दिवा होता, आणि लक्ष्मीअम्मा बसल्या बसल्या पेंगत होत्या. मला पाहून त्या रडल्या, मीही रडले. मग डोळे पुसत म्हणाल्या, "फ्रिज का दरवाजा खुला था अम्मा, अभी मैं बंद करी."

मी ताईंचा हात हातात घेतला. थंडगार होता. बाही सरकली.

मनगटाच्या वर ५.४० लिहिलेलं होतं. लाल, फुगलेलं, ताजं.

मी त्या कातडीवर सात वर्षं आकडे उगवताना आणि विझताना पाहिलेत. अर्ध्या तासाच्या वर एकही टिकलेला नाही. माणूस गेल्यावर तर उगवायचा प्रश्नच नाही. मी पुन्हा घड्याळ पाहिलं. लक्ष्मीअम्मांना मी काही दाखवलं नाही. हात धरून तशीच बसून राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर आधी शून्य फिकं झालं, मग चार, मग पाच.

कॅन फ्रिजमध्ये होतं. तक्त्यात गुरुवारच्या सगळ्या वेळा, शेवटची दुपारची. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, शुक्रवार, पहाटे ५.४०.

त्यांनी ती ओळ आधीच लिहून ठेवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. आपण उद्या नसणार हे त्यांना कळलं असेल. ज्यासाठी त्यांनी लोकांना जिन्यातून हाकललं, तेच जन्मात एकदा, त्या पोरीसाठी, त्यांनी केलं असेल. पण मग हातावरचं काय?

कॅन पोटाशी धरून मी रिक्षाने लॅबमध्ये आले. साहेबांचे डोळेही लाल होते. त्यांनी तक्ता वाचला, ताई कधी गेल्या ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वैजयंती, हे पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे, साहेब."

या वेळी शेजारी माझा नमुना लावला. आकडा आम्ही आजवर पाहिलेल्यांत सगळ्यांत चढा निघाला. साहेबांनी शनिवारी सकाळी बेगम बाजारात फोन केला, तेवढ्याने भागेना म्हणून दुपारी चुकीची कबुली लिहून स्वतः गेले. रविवारी सरिता गावाला गेली नाही, इस्पितळात गेली. आता औषधावर बरी आहे.

परवा ती तपासणीला आली होती. मी तिच्या हातात कॅन दिलं आणि सांगितलं, आज की पहली फेंको, कल की पहली पकडो. ती म्हणाली, "और कल की पहली चूक गई तो?"

ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, मग कॅन परत. माझ्या तोंडून ते निघेना. मी साहेबांशी खोटं बोलले की खरं, हे मला अजून माहीत नाही. मी तिच्या तक्त्यावर तारीख घातली आणि म्हटलं, "नै चूकती. शशीताईंची नै चुकली."

"वो कौन?" तिने विचारलं. मग मी तिला खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला बसले.