डाव्या बाजूचे तीन किलो

पन्नाशीला आलेला माणूस स्वतःचं पोट कमी करायला घेतो. मी गाडीचं घेतलं. आई म्हणाली, "तू संध्याकाळचा वडापाव सोड, गाडी आपोआप हलकी होईल." तिचं काही चुकत नव्हतं, पण त्या दिवसांत मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं.

गाडी परदेशी, सेकंडहँड, दोन दारांची. आत बसून दार ओढलं की लालबागचा सगळा आवाज बंद. बाबा दर रविवारी माझ्या डावीकडे बसायचे आणि आम्ही ठाकूरद्वारला त्यांच्या मावसभावाकडे जायचो. आई बरोबर असली की पुढची जागा तिची. मग बाबा मागे, जिथे शहाण्या माणसाचे पाय मावत नाहीत तिथे, घडी होऊन बसायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "दोन दारं कमी देऊन गंडवलंय तुला."

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. त्यानंतर ती डावी सीट रिकामी असतानाही मधूनच बेल्टची टिंगटिंग सुरू व्हायची. सेन्सर बिघडला असणार. मी रिकाम्या सीटवर बेल्ट अडकवून टाकला आणि ती गप्प बसली. पण रिकाम्या सीटवर ताणलेला तो पट्टा रोज बघायचा म्हणजे वैताग. शेवटी ठरवलं, गाडी सोलायची, आतलं जड सामान सगळं काढून टाकायचं. लोकांना सांगितलं की एका जुन्या धावपट्टीवर वेळ लावून गाड्या पळवतात, तिथे उतरायचंय. वजन उतरलं की गाडी चटकन उचलते, ब्रेकला लवकर ऐकते. हे खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मला ती सीट डोळ्यांसमोर नको होती.

आमच्याच चाळीतला एक मिस्त्री कॉटन ग्रीनला गोदामात काम करतो. त्याचा बाप गिरणीत फिटर होता आणि बापाची एक पद्धत ह्याने सोडलेली नाही. काढलेला प्रत्येक भाग ताडपत्रीवर मांडायचा, गाडीत जिथे असतो तिथेच. मागची सीट मागे, डावी डावीकडे, स्टेपनी डिकीच्या जागी. प्रत्येकाचं वजन करायचं आणि बाजूला खडूने लिहायचं.

चार दिवसांत जमिनीवर दुसरी गाडी तयार झाली. पत्रा नसलेली. कार्पेट, आवाज अडवणारा जाड फोम, माझी सोडून बाकीच्या जड सीटा. मी घाईत ताडपत्रीवरून आडवा चाललो तर मिस्त्री ओरडला, "अरे, दारातनं ये ना. काचेतनं काय येतोस?"

मी हसलो, पण मागे फिरून दाराच्या जागेतून आलो. नंतर बघितलं, गोदामातले बाकीचे लोकही त्या ताडपत्रीला वळसा घालून जात होते आणि डाव्या सीटकडे कुणी बघत नव्हतं. ती गोदामाच्या दाराकडे तोंड करून होती.

एकूण एकशे बेचाळीस किलो उतरलं. मिस्त्रीने गाडी परत काट्यांवर घेतली. चार चाकांखाली चार सपाट काटे, वायरने एका डब्याला जोडलेले. काम सुरू करण्याआधी त्यांच्यावरच वजन केलं होतं. आता त्यातून एकशे बेचाळीस वजा व्हायला हवेत, सरळ हिशोब. एकशे एकोणचाळीसच झाले.

त्याने काटे पुसले, जागा बदलून लावले, गाडी ढकलून पुन्हा वर घेतली. ताडपत्रीवरचा एकेक भाग पुन्हा तोलला. सगळे आकडे बरोबर होते.

"तीन किलो जास्त दाखवतंय," तो म्हणाला. "आणि सगळं डाव्या बाजूला. कसां काय ता?" त्याने बोनेटसमोर जमिनीवर मोठा तीन काढला.

तीन किलो मला ठाऊक होते.

बाबांचं हृदय कमजोर झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, रोज सकाळी चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, ते अंगात साठलेलं पाणी असतं. मी मान डोलावली आणि रोज कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडा लिहायला लागलो. आणि चार दिवसांत तीन किलो वाढले.

आमच्याकडे आजारी माणसाचं वजन वाढलं म्हणजे आनंदच. आई म्हणाली, "अंगाला लागतंय हो आता," आणि तिने शिरा केला. मीही खूश. ऑफिसात चार जणांना सांगितलं, बाबा सुधारतायत म्हणून. डॉक्टरांचं वाक्य मी विसरलो नव्हतो, अगदी शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण आमच्या घरात वजन वाढणं ही वाईट बातमी कधी नव्हतीच, त्यामुळे ते वाक्य आणि तो आकडा माझ्या डोक्यात एकत्र आलेच नाहीत. मूर्ख म्हणा, नालायक म्हणा, मी स्वतःला सगळं म्हणून झालंय.

पाचव्या दिवशी पहाटे त्यांना श्वास घेता येईना. मी त्यांना डाव्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. परळच्या पुलाखाली ते गेले. रस्ता पूर्ण मोकळा होता. याहून वेगाने कुठलीच गाडी गेली नसती.

आईला मी डॉक्टरांचं बोलणं कधी सांगितलं नाही. ती आल्यागेल्याला सांगायची, "शेवटी शेवटी छान अंग धरलं होतं त्यांनी." तिचं तेवढंच समाधान, ते कसं मोडायचं? ती असं बोलायला लागली की मी गॅलरीत जायचो.

मिस्त्रीला वाटलं, कुणीतरी गाडीत नारळबिरळ लपवलाय. "वहिनीला विचार, देवाचं काय ठेवलंय का," तो म्हणाला. चाळीत माझ्या आईला सगळे वहिनीच म्हणतात. विचारलं तर ती म्हणाली, मी येऊनच बघते. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन ती गोदामात आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती बरोबर दाराच्या जागेतून ताडपत्रीवर गेली आणि डाव्या सीटवर बसली. मग तिला खडूचा आकडा दिसला.

"हे तीन कसले?"

"तेवढे किलो गाडी जास्त भरतेय, वहिनी. कुठनं आले समजत नाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मिस्त्री गाडीच्या डाव्या बाजूला आडवा झाला आणि दाराखालचा पत्रा ठोकत गेला. एका ठिकाणी आवाज भरीव आला. त्याने तिथलं रबरी बूच काढलं आणि पाणी आलं. बराच वेळ येत राहिलं. घमेलं लावून तोललं, तर घमेल्याचं वजन सोडून बरोबर तीन किलो.

"फेब्रुवारीत पाऊस कुठला?" मिस्त्री स्वतःशीच म्हणाला. "धुतली पण नाय. आणि आधीचं असतं तर पहिल्या वजनात पण आलं असतं." मग तो उठला आणि उगाचच हात पुसत राहिला.

आई घमेल्याकडे बघत होती. "त्यांचे पाय असेच भरले होते," ती म्हणाली. "बोट दाबलं की खड्डा पडायचा. चपलेचा पट्टा मीच कापून दिला."

"तुला माहीत होतं?"

"कॅलेंडर मी वाचत नव्हते का? त्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, त्याला कळलं तर परत आयसीयूत नेईल, हात बांधून ठेवतील. मला घरी राहू दे." तिने पदर तोंडाला लावला. "म्हणून अंगाला लागतंय, अंगाला लागतंय म्हणत राहिले. तुला संशय येऊ नये म्हणून शिरा केला रे."

मग मी तिला डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते सांगितलं. वर्षभर जे दाताखाली धरलं होतं ते चार वाक्यांत संपलं. ती एवढंच म्हणाली, "जेवून घे." मिस्त्रीने आमच्याकडे पाठ करून खडूचा तीन पायाने पुसला.

धावपट्टीचं मी रद्द केलं. डावी सीट त्याच दुपारी परत बसवली. बाकीचं सामान ताडपत्रीवर राहिलं, कारण आईला दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं. ती पुढे बसली, मी स्वतः तिचा बेल्ट लावला आणि गाडी सुरू केली.

टिंगटिंग सुरू झाली. डॅशबोर्डवर लाल दिवा होता, मागच्या सीटचा. मागे सीट नव्हतीच, उघडा पत्रा होता आणि लोंबणाऱ्या वायरी. "वायरीमुळे असेल," मी म्हणालो आणि बंद करायला हात घातला.

आईने माझा हात बाजूला केला. मागे वळूनही न बघता म्हणाली, "वाजू दे. मी पुढे असले की ते मागेच बसायचे ना."

कॉटन ग्रीनपासून लालबागपर्यंत मी खड्डे चुकवत, अगदी हळू गाडी चालवली.